‘खुशाल सोडा’ म्हणण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात गेल्या पंधरवड्यात मुस्लिम स्त्रियांच्या हक्कांविषयी वाचकांची बरीच पत्रे प्रसिद्ध झाली. त्यांपैकी एका पत्रातले एक वाक्य माझ्या मनातून जात नाही. ज्यांना इस्लाम पटत नाही त्यांनी तो खुशाल सोडावा, कोणी अडवलेले नाही. मात्र सोडल्यानंतर त्याविषयी बोलू नये, कारण मग तो त्यांचा विषय राहत नाही, असे पत्रलेखकाचे म्हणणे आहे. मी जन्माने मुस्लिम आहे, कोकणात खाडीकाठच्या एका गावात वाढले, चौतीस वर्षे शाळेत मराठी शिकवले आणि गेली वीसेक वर्षे माझा त्या धर्मावर विश्वास उरलेला नाही. त्यामुळे ‘खुशाल’ या शब्दात काय काय येते, हे थोडे विस्ताराने सांगावेसे वाटते.

या शब्दाशी माझी जुनी ओळख आहे. १९७४ च्या पावसाळ्यात, मी दहा वर्षांची असताना, आमच्या घरी मुंबईहून एक पोस्टकार्ड आले. माझी खाला, म्हणजे मावशी, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती आणि मुलगी दोन महिन्यांची झाली होती. खालाला वाचता येत नव्हते, आजीलाही नव्हते, आजोबा बाहेर गेले होते. म्हणून पोस्टमनने कार्ड माझ्या हातात दिले. ‘आम्ही सर्व खुशाल आहोत, तुमची खुशाली कळवावी’ अशी नेहमीची सुरुवात होती. पुढे तिसऱ्या ओळीत तलाक हा शब्द लागोपाठ तीन वेळा लिहिला होता. तोच शब्द पुन्हा पुन्हा आला म्हणजे लिहिणाऱ्याची चूक झाली असणार, अशी माझी शाळकरी समजूत, म्हणून मी तो एकदाच वाचला आणि पुढे गेले. खालाने मला थांबवले. ‘पुन्हा वाच,’ ती म्हणाली, ‘जसं लिहिलंय तसं वाच.’ मग मी ते जसे लिहिले होते तसे वाचले.

आजोबा जमातीच्या, म्हणजे गावच्या मुस्लिम समाजाच्या, मंडळींकडे गेले. ती मंडळी दुष्ट नव्हती, उलट त्यांना वाईटच वाटले. एका दमात तीनदा तलाक देणे हा गुनाह, म्हणजे पाप आहे, पण दिला की तो लागू होतो, असे त्यांनी सांगितले, आणि इथले बहुसंख्य मुसलमान शरियतचा जो पंथ पाळतात त्या हनफी परंपरेचा विचार केला तर ते चुकीचे सांगत नव्हते. गुनाह ज्याने केला तो मुंबईत राहिला आणि त्याचे परिणाम आमच्या पडवीत बसून शिवणयंत्र चालवत राहिले. खाला शेवटपर्यंत पाच वेळा नमाज पढत होती, रोजे धरत होती. तिच्या श्रद्धेविषयी माझ्या मनात आजही आदरच आहे. माझी तक्रार तिला बांधणाऱ्या नियमांविषयी आहे, आणि ते नियम आम्ही ज्याला ‘मजहब’ म्हणतो त्याचाच भाग आहेत, बाहेरून चिकटलेली रूढी नव्हेत, हे मान्य करायला मला तीस वर्षे लागली.

हे पोस्टकार्ड येण्याच्या आठ वर्षे आधी, १८ एप्रिल १९६६ रोजी, समाजसुधारक हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला होता. तोंडी तलाक, बहुपत्नीत्व आणि हलाला (तलाक दिलेल्या नवऱ्याशी पुन्हा निकाह करण्याआधी स्त्रीने दुसऱ्याशी विवाह करून तो मोडण्याची अट) बंद करा, अशी त्यांची मागणी होती. दलवाई आमच्याच जिल्ह्यातले, चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. पण आमच्या गावात त्यांचे नाव आवाज उतरवून घेतले जाई. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले आणि अवघ्या सात वर्षांनी, वयाच्या पंचेचाळिशीच्या आत ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे कोणताही धार्मिक विधी न करता विद्युतदाहिनीत त्यांचे दहन झाले. त्यांच्यामागे त्यांच्या पत्नी मेहरुन्निसाभाभींनी आणि सहकारी सय्यदभाईंनी चार-चार दशके हे काम ओढले. सय्यदभाईंच्या स्वतःच्या बहिणीला असाच तलाक मिळाला होता. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी तीन विरुद्ध दोन अशा मतांनी एका दमातला तलाक रद्द ठरवला, तेव्हा त्या पहिल्या मोर्चाला एक्कावन्न वर्षे उलटली होती. माझी खाला तोवर हयात नव्हती.

एवढा वेळ का लागला, याचे उत्तर शोधताना मी एका जुन्या कायद्यापाशी येऊन थांबले. तो म्हणजे १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा. त्याची हकीकत आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, पण ‘धर्म सोडून गेलेल्यांनी बोलू नये’ या सल्ल्याला त्याहून स्पष्ट उत्तर मला सापडलेले नाही.

त्या काळी हिंदुस्थानातल्या बहुसंख्य मुसलमानांना लागू असलेल्या हनफी नियमांत स्त्रीला काझीकडून वा न्यायालयातून विवाह मोडून घेण्याचा मार्ग जवळपास नव्हता. नवरा पोसत नसला, मारत असला, तुरुंगात असला तरी ती बांधलेलीच. नवरा बेपत्ता झाला तर तो नव्वद वर्षांचा झाला असता तोवर थांबावे, असे मत ग्रंथांतून चालत आलेले होते. वीस वर्षांच्या मुलीचा तीस वर्षांचा नवरा परागंदा झाला, तर तिने ऐंशीव्या वर्षापर्यंत वाट पाहायची, असा त्याचा अर्थ होतो. ‘खुला’, म्हणजे स्त्रीने मागून घेतलेला तलाक, होता, पण त्याला नवऱ्याची संमती हवी. मग स्त्रियांनी त्या चौकटीतच एक वाट शोधली. विवाहित व्यक्तीने इस्लाम सोडला की तिचा निकाह आपोआप तुटतो, असे तेच ग्रंथ सांगत होते, आणि ब्रिटिशांची न्यायालयेही ते मानत होती. पंजाबात आणि इतरत्र अनेक स्त्रियांनी धर्म सोडल्याचे जाहीर केले आणि नकोसा विवाह तोडला. कवी इक्बाल यांनी त्या सुमारास दिलेल्या व्याख्यानांत या घटनांचा उल्लेख करून, नको असलेल्या नवऱ्यापासून सुटण्यासाठी स्त्रीला धर्म सोडावा लागतो, ही शरियतच्या अर्थ लावण्यातली त्रुटी आहे, अशी खंत व्यक्त केली होती.

तेव्हा कुठे उलेमा, म्हणजे धर्मपंडित, हलले. देवबंदी परंपरेतले मौलाना अशरफ अली थानवी यांनी हनफी नियम बाजूला ठेवून मालिकी या शरियतच्या दुसऱ्या पंथाच्या नियमांचा आधार घेता येईल, असा विस्तृत निर्वाळा १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला दिला. त्या निर्वाळ्याच्या आधारे मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आले आणि मार्च १९३९ मध्ये त्याचा कायदा झाला. पती चार वर्षे बेपत्ता असेल, दोन वर्षे पोटगी देत नसेल, सात वर्षांची शिक्षा भोगत असेल, क्रूरपणे वागत असेल, अशा कारणांसाठी मुस्लिम स्त्रीला न्यायालयात जाऊन विवाह मोडून घेता येऊ लागला. त्याच कायद्याच्या चौथ्या कलमाने जुनी वाट मात्र बंद केली. विवाहित मुस्लिम स्त्रीने धर्म सोडला तरी केवळ तेवढ्याने तिचा विवाह तुटणार नाही, असे ते कलम सांगते. पुरुषाने धर्म सोडला तर त्याचा निकाह पूर्वीसारखाच तुटतो, कारण ते कलम फक्त स्त्रीविषयी आहे.

शेकडो वर्षे घरात राहून सोसणाऱ्या स्त्रियांच्या दुःखाने जे झाले नाही, ते घर सोडून जाणाऱ्या थोड्या स्त्रियांमुळे काही वर्षांत झाले. ज्या स्त्रिया आजही श्रद्धेने मुस्लिम आहेत आणि १९३९ च्या कायद्याखाली सुटका मिळवतात, त्यांना तो कायदा त्या धर्म सोडणाऱ्या, बहुतेक निनावी स्त्रियांमुळे मिळालेला आहे. बाईला बाहेर पडण्यासाठी दरवाजा आहे हे घरातल्यांना ठाऊक असले, तरच तिचे बोलणे कान देऊन ऐकले जाते. म्हणून धर्म सोडण्याचा हक्क हा स्त्रियांच्या हक्कांच्या चर्चेत शेवटी कधीतरी घ्यायचा, नाजूक म्हणून टाळायचा मुद्दा आहे, असे मी मानत नाही. माझ्या लेखी चर्चेची सुरुवातच तिथून व्हायला हवी.

आता तो दरवाजा आज कितपत उघडा आहे, ते पाहू. भारतात धर्म सोडणे हा गुन्हा नाही, याबद्दल मला या देशाविषयी कृतज्ञता आहे. राज्यघटनेचे पंचविसावे कलम सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देते. अफगाणिस्तान, इराण, सौदी अरेबिया, मॉरिटेनिया या देशांत आजही धर्म सोडल्याबद्दल मृत्युदंड होऊ शकतो. सुदानमध्ये २०१४ साली एका गर्भवती स्त्रीला याच आरोपावरून फाशीची शिक्षा सुनावली गेली आणि तिचे बाळ तुरुंगात जन्मले. वरिष्ठ न्यायालयाने तिला सोडले आणि पुढे २०२० मध्ये त्या देशाने तो कायदाच काढून टाकला. जुन्या हनफी ग्रंथांत तर धर्म सोडणाऱ्या पुरुषाला मृत्यू आणि स्त्रीला पश्चात्ताप होईपर्यंत कैद, असा फरक केलेला आहे. ही सवलत वाचताना मला बरे वाटले नाही. स्त्री शस्त्र उचलून लढणारी नाही, म्हणून तिचे जाणे धोक्याचे नाही आणि तिला कोंडून ठेवले की पुरे, असा त्यामागचा विचार आहे.

‘धर्मात जबरदस्ती नाही’ ही कुराणातली आयत मला बहुतेक चर्चांत ऐकवली जाते. ती आयत सुंदर आहे. १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यावर मतदान झाले, तेव्हा त्यातल्या धर्म बदलण्याच्या हक्काला हरकत घेणारा सौदी अरेबिया तटस्थ राहिला, आणि त्याच सभेत पाकिस्तानच्या प्रतिनिधीने, जफरुल्ला खान यांनी, कुराणाचाच आधार देऊन धर्म बदलण्याच्या हक्काला पाठिंबा दिला. म्हणजे ग्रंथातून दोन्ही वाटा निघतात, आणि उदार वाट काढणाऱ्यांचे काम मला मोलाचे वाटते. इस्लामचे अभ्यासक असगर अली इंजिनियर यांनी तेच केले; हाजी अली दर्ग्याच्या मजारीपर्यंत जाण्याचा स्त्रियांचा हक्क २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातून मिळवणाऱ्या भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या भगिनींनी तेच केले. त्यांच्या वाटेने जाणे मला जमले नाही एवढेच. ‘मुलाचा हिस्सा दोन मुलींच्या हिश्शाइतका’ हे कुराणातल्या निसा या सूरेतले, म्हणजे अध्यायातले, वाक्य इतके स्पष्ट आहे, की त्याचा दुसरा अर्थ लावत बसण्यापेक्षा ‘हे मला मान्य नाही’ एवढे म्हणणे मला अधिक प्रामाणिक वाटले. सातव्या शतकात मुलीला ठरावीक हिस्सा देणे ही मोठी सुधारणा होती हे मी वर्गातही सांगत असे, आणि वडिलोपार्जित मालमत्तेत हिंदू मुलीला भावाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क मिळायला २००५ साल उजाडावे लागले, हेही विसरत नाही. परंतु जो नियम कधीच बदलायचा नाही असे आधीच ठरलेले आहे, त्याच्या जन्मकाळच्या चांगुलपणाचा आजच्या मुलीला काही उपयोग होत नाही.

हिश्शाचा विषय निघालाच आहे, तर माझ्या घराचा हिशेब सांगते. पती जाऊन मला चौदा वर्षे झाली. मला एकच मुलगी आहे. मी राहते ते दोन खोल्यांचे घर माझ्या भविष्यनिर्वाह निधीतून आणि माझ्या पगारातून फेडलेल्या कर्जातून झालेले आहे. निवृत्तीनंतर मृत्युपत्र करावे म्हणून मी एका वकिलांकडे गेले. त्यांनी कागदावर एक चौकोन काढला, मध्ये रेघ मारली आणि सांगितले, की एकुलत्या एक मुलीला अर्धा हिस्सा आणि उरलेला अर्धा तुमच्या भावांना. मृत्युपत्राने एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही, आणि जी मुळातच वारस आहे तिला तर इतर वारसांच्या संमतीशिवाय तेवढेही देता येत नाही. माझे दोन्ही भाऊ तिथल्या तिथे सही करायला तयार होते. वकील म्हणाले, ही संमती तुमच्या मृत्यूनंतर द्यायची असते, आजची सही कामाची नाही. उरला हिबा, म्हणजे बक्षीस; पण तो आजच ताबा देऊन करावा लागतो, म्हणजे आयुष्यभराच्या कष्टाच्या घरात मी यापुढे मुलीची पाहुणी म्हणून राहायचे.

मी त्यांना म्हटले, की मी हा धर्म मानत नाही, मला भारतीय उत्तराधिकार कायदा लावा. त्यांनी पेन खाली ठेवले आणि अगदी मनापासून विचारले, ‘बाई, तुम्ही मुसलमान नाही हे दाखवणारा कागद कोणता?’

तो कागद नाही. १९३७ च्या शरियत कायद्याच्या तिसऱ्या कलमात घोषणापत्राची तरतूद आहे, पण ती उलट दिशेची आहे. दत्तक, मृत्युपत्र आणि मृत्युपत्रान्वये मिळणारी देणगी या बाबतींतही मला शरियत लागू व्हावी, असे ज्या मुसलमानाला वाटते त्याने विहित अधिकाऱ्यापुढे तसे घोषित करायचे. आणि ते एकदा केले की त्याच्या अल्पवयीन मुलांना व त्यांच्या वंशजांनाही ते बांधते. अधिक आत जाण्यासाठी कायद्याने नमुना ठरवून दिला आहे, बाहेर पडण्यासाठी काहीही दिलेले नाही. भारतीय उत्तराधिकार कायद्यातली मृत्युपत्राची कलमे मुसलमानांना लागू नाहीत, असे तो कायदाच म्हणतो. मग जन्माने मुस्लिम पण श्रद्धेने नाही, अशी व्यक्ती कोण? केरळमधल्या एका स्त्रीने नेमका हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवला आहे आणि एप्रिल २०२४ मध्ये सरन्यायाधीशांच्या पीठाने त्यावर केंद्र व राज्य सरकारला नोटीस काढली. तिच्या भावाला डाऊन सिंड्रोम आहे. वडिलांच्या पश्चात भावाला दोन हिस्से आणि तिला एक, असा नियम. भावाला सांभाळणारी मात्र ती.

केरळमध्येच एका वकिलाने आणि त्यांच्या पत्नीने ८ मार्च २०२३ रोजी, निकाहानंतर जवळजवळ तीस वर्षांनी, विशेष विवाह कायद्याखाली आपला विवाह पुन्हा नोंदवला. त्यांना तीन मुली आहेत, आणि त्या कायद्याखाली विवाह नोंदवला की वारसा भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो, म्हणून त्यांनी ही वाट धरली. त्यांची बातमी वाचून मला अतिशय आनंद झाला होता. परंतु ही वाट जोडप्यांसाठी आहे. माझ्यासारख्या विधवेने, तलाक मिळालेल्या स्त्रीने किंवा अविवाहित राहिलेल्या मुलीने विवाह कोणाशी नोंदवायचा? एकट्या स्त्रीला सर्वांत जास्त गरज आहे, आणि वाट नेमकी तिलाच बंद आहे.

याच देशात १८५० साली कंपनी सरकारने धर्म सोडल्यामुळे कोणाचा वारसाहक्क जाणार नाही, असा कायदा केला होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पावणेदोनशे वर्षांपूर्वी जे सुचले त्याचे पुढचे पाऊल म्हणजे नोंदणी कार्यालयात एक साधे घोषणापत्र. ‘मी यापुढे कोणत्याही धर्माच्या व्यक्तिगत कायद्याखाली राहू इच्छित नाही, मला विवाह, वारसा आणि मृत्युपत्र याबाबत देशाचे सर्वसाधारण कायदे लागू करावेत,’ इतकेच त्यात असावे. त्यासाठी कारण विचारू नये, नोटीस भिंतीवर लावू नये, घरच्यांना कळवू नये. समान नागरी कायद्याविषयी मतभेद असतील. त्याची वाट पाहणाऱ्यांनी पाहावी, विरोध करणाऱ्यांनी करावा. हे घोषणापत्र त्याच्यावर अवलंबून नाही आणि ते कोणावर लादलेही जात नाही. ज्यांना शरियत हवी आहे त्यांच्या केसालाही त्याने धक्का लागत नाही. आणि ही सोय फक्त मुसलमानांसाठी असावी, असे मी म्हणत नाही. ती हिंदू, ख्रिस्ती, पारशी सर्वांनाच खुली असावी.

कागदापलीकडचे अडथळे मोठे आहेत, पण त्यांविषयी थोडक्यात लिहिते, कारण ते बहुतेकांना कल्पनेनेही कळतील. स्त्री धर्म सोडते तेव्हा तिच्या आईला जाब विचारला जातो, बहिणीचे ठरलेले लग्न मोडते, घटस्फोटात मुलांचा ताबा मागताना तोच मुद्दा तिच्याविरुद्ध वापरला जातो. पुरुष नास्तिक झाला तर तो विचारवंत ठरण्याची थोडी तरी शक्यता असते. स्त्रीच्या बाबतीत पहिला प्रश्न तिच्या चारित्र्याचा निघतो. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो देशातला असा पहिला कायदा आहे. त्यामागे जातपंचायतींविरुद्धची अंधश्रद्धा निर्मूलन समितीची मोहीम होती, म्हणून तो जातपंचायतींपुरताच आहे असा सर्वसाधारण समज झालेला दिसतो. जमातीने एखाद्या घराशी रोटी-बेटी तोडली, दफनाला जागा नाकारली, तर तोच कायदा तिथेही लागू व्हावा आणि पोलीस ठाण्यात हे ठाऊक असावे, अशी माझी अपेक्षा आहे. आणि भीती केवळ बहिष्काराची नसते. कोइंबतूरमध्ये मार्च २०१७ मध्ये फारूक नावाच्या तरुण नास्तिकाचा, तो ईश्वर मानत नाही आणि तसे उघड लिहितो म्हणून, खून झाला. त्याआधी चार वर्षांपूर्वी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. मारणारे वेगवेगळ्या धर्मांचे होते, मेलेली माणसे एकाच प्रकारची होती.

इथे मला दुसऱ्या एका प्रकारच्या वाचकांशीही बोलायचे आहे. माझ्यासारखी स्त्री बोलू लागली की ज्यांना मुसलमान माणसेच नकोशी आहेत ते टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या मला नकोत. शेजारच्या भाडेकरूला नावावरून घर नाकारणारा, बुरखा घातलेल्या मुलीला महाविद्यालयाच्या दारात अडवणारा आणि माझ्या टीकेचा दाखला देणारा माणूस एकच असेल, तर मी त्या मुलीच्या बाजूने उभी राहीन. तिने डोक्यावर काय घ्यावे हे ठरवण्याचा अधिकार मौलवीला नाही तसा प्राचार्यांनाही नाही. इराणमध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये हिजाबच्या नियमावरून पोलिसांनी पकडलेल्या महसा अमिनीच्या मृत्यूनंतर ज्या मुलींनी हिजाब जाळले, त्यांची मागणीही आपले आपण ठरवण्याचीच होती. शिवाय काही राज्यांत धर्म बदलण्यापूर्वी जिल्हा प्रशासनाला आगाऊ कळवण्याची सक्ती करणारे कायदे झाले आहेत. इस्लाम सोडणाऱ्या स्त्रीचे कौतुक करणारे पुष्कळ लोक त्या कायद्यांचेही समर्थन करतात, तेव्हा त्यांना तिच्या स्वातंत्र्याशी किती देणेघेणे आहे, हा प्रश्न मला पडतो. धर्म सोडण्याचा हक्क सर्व दिशांना खुला असेल तरच तो हक्क.

खरे तर महाराष्ट्राला हे समजावून सांगायची गरज पडू नये. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जन्माने मिळालेल्या धर्मात आपण मरणार नाही, असे जाहीर केले आणि एकवीस वर्षांनी नागपुरात लाखोंच्या साक्षीने ते खरे करून दाखवले. त्यानंतर त्यांनी हिंदू धर्माविषयी बोलू नये, असे म्हणण्याची कोणाची छाती झाली नसती. सोडून गेलेल्याच्या बोलण्याला उलट अधिक वजन असते, कारण त्याने त्यासाठी काही गमावलेले असते. आपल्या शाळांतून आपण मुलांना हे शिकवतो. मी स्वतः शिकवले आहे. मग एखादी मुस्लिम घरातली मुलगी तेच करू पाहते, तेव्हा पुरोगामी म्हणवणाऱ्या मंडळींचाही सूर का बदलतो? ‘आत्ता वेळ योग्य नाही, समाज आधीच दडपणाखाली आहे,’ हे मला गेल्या वीस वर्षांत फार जवळच्या, फार चांगल्या माणसांनी ऐकवले आहे. दडपण आहे, ते मी रोज पाहते. पण १९६६ मध्येही वेळ योग्य नव्हती. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तलाक मिळालेल्या शाहबानो यांना दरमहा एकशे एकोणऐंशी रुपये वीस पैसे एवढ्या पोटगीचा हक्क मान्य केला, तेव्हाही नव्हती, आणि पुढच्याच वर्षी संसदेने त्या निकालावर कायद्याने पाणी फिरवले. मुस्लिम स्त्रीला फौजदारी प्रक्रिया संहितेखाली पोटगी मागता येते, हे त्याच न्यायालयाला जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट करावे लागले. योग्य वेळेची वाट पाहण्यात माझ्या खालाचे आयुष्य संपले.

ज्या पत्रलेखकाच्या वाक्यावरून हे पत्र लिहिले त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही. त्यांचा हेतू शांतता राहावी असाच असणार. मी त्यांना एवढीच विनंती करीन, की त्यांच्या ओळखीतल्या एखाद्या मुलीने उद्या खरोखरच ‘मी सोडते’ असे म्हटले, तर तिच्या घरी जाऊन तिच्या आईवडिलांशी बोलण्याचे काम त्यांनी करावे.

माझे नाव व पत्ता मी सोबतच्या स्वतंत्र कागदावर आपल्या माहितीसाठी दिलेला आहे. तो प्रसिद्ध करू नये, ही विनंती. माझ्या वयात मला स्वतःसाठी फारशी भीती उरलेली नाही, आणि माझ्या मुलीने तर नाव छापावे असाच आग्रह धरला होता. परंतु माझ्या धाकट्या भावाच्या मुलीचे या महिन्यात लग्न ठरते आहे. मुलाकडची मंडळी पुढच्या रविवारी घरी यायची आहेत. भावाने मला काही म्हटले नाही. भावजयीने मात्र फोन करून हळूच विचारले, ‘आपा, ते पत्र तुमच्या नावानं येणार आहे का?’ तिला मी नाही म्हणून सांगितले आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका